वाघ आला की उभं राहायचं

१०

त्या कॉम्प्युटरच्या कळा रबराच्या होत्या. बोट ठेवलं की शाळेतल्या खोडरबरावर दाबल्यासारखं वाटायचं.

२०

मोहफुलं पहाटे गळतात. ती वाकूनच वेचावी लागतात. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही.

३०

भैयाजींच्या नाटकातलं भूत झाडावरून उतरायला लागलं की मांडवातली पोरं आयांच्या पदरात शिरायची आणि मोठी माणसं विडी विझवायची.

४०

आदेशच्या लग्नाची वरात टेपवरच्या गाण्यांवर निघाली होती, कारण बँडवाले आधीच्या लग्नात पिऊन पडले होते.

५०

"जिंकताच येत नाही, हेच तर या खेळाचं सांगणं आहे!" यावर टाळ्या पडल्या. बराच वेळ पडल्या.

६०

त्या कॉम्प्युटरवर जे काही लिहायचं त्याच्या प्रत्येक ओळीला आकडा द्यावा लागे. शहाणी माणसं दहा-दहाचं अंतर ठेवून आकडे देत. मधलं काही राहून गेलं, नंतर आठवलं, तर घालायला जागा असावी म्हणून. ओळ कधीही लिहा, कॉम्प्युटर तिला तिच्या आकड्याच्या जागी नेऊन बसवायचा. माणसांचं तसं नसतं. उशिरा बोललेल्याला ती उशिराचीच जागा देतात.

७०

चामोर्शीहून चंद्रपूरला निघाले तेव्हा हेमराजने गाडी सुरू करतानाच तोंड सुरू केलं.

"काय वं, भावाच्या सत्काराले चाललीस का स्वतःच्या?"

"गाडी पाहून चालवा तुमी."

"पाहूनच चालवून राह्यलो. मी म्हणतो, खेळ तू बनवला, हार त्याच्या गळ्यात, अन् पेट्रोल माह्यं. हा कोणता हिशेब?"

त्याच्या बायकोने, रंजीताने, खिडकीची काच खाली केली. हेमराजचं चामोर्शीत बी-बियाण्यांचं दुकान होतं. दुकानाची बिलं तीच कॉम्प्युटरवर करायची, आणि गिऱ्हाईक यायचं ते 'भाऊ, तुमचा कॉम्प्युटर लई फास्ट हाय' म्हणायचं. एवढंच काय ते तिचं कौतुक, आणि तेही हेमराजला.

मार्च लागला होता. रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली बाया वेचत होत्या. चार वाकलेल्या, एक काठी घेऊन उभी. रंजीताने मान वळवून ती उभी असलेली बाई दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात जुन्या कॉम्प्युटरांची एक खोली उघडणार होती. प्रफुल नावाच्या तिथल्या तरुण मास्तराने ती उभी केली होती. खोलीच्या मधोमध मान मिळाला होता 'स्पेक्ट्रम'ला, म्हणजे त्या रबरी कळांच्या कॉम्प्युटरला, आणि त्यावर लोकांना 'वाघ' हा मराठी खेळ खेळायला मिळणार होता. आमंत्रणाच्या कार्डावर छापलं होतं: 'वाघ, १९८७, निर्माते आदेश खोब्रागडे'. आदेश म्हणजे रंजीताचा थोरला भाऊ. कार्ड त्यानेच पाठवलं होतं, खाली हात जोडलेले होते.

नावाचं दुःख तिने कधीच पचवून टाकलं होतं, निदान तसं ती हेमराजला सांगायची. तिला फक्त एक गोष्ट पाहिजे होती. कुणीतरी तो खेळ जिंकावा. कारण जिंकल्याशिवाय शेवटचा पडदा येत नव्हता, आणि त्या पडद्यावर तिने एक ओळ लिहून ठेवली होती. ती ओळ भरल्या खोलीत लोकांनी वाचावी, एवढ्यासाठी ती जरीकाठाची साडी नेसून निघाली होती.

८०

स्पेक्ट्रम १९८२ साली इंग्लंडात निघाला. स्वस्त होता, पाटीएवढा होता. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, घरचा टीव्ही जोडायचा. लिहिलेलं ठेवायला घरचा टेपरेकॉर्डर जोडायचा. सगळी अक्षरं आणि आकडे किंचाळीसारख्या आवाजात कॅसेटवर उतरायचे आणि तीच किंचाळी पुन्हा ऐकवली की खेळ परत यायचा. तिकडच्या पोरांनी आपापल्या खोलीत बसून खेळ लिहिले, कॅसेटी विकल्या, काही जण त्यावर श्रीमंत झाले. लाखो घरांत तो पोचला. १९९२ साली निघायचा बंद झाला. ही सगळी हकिकत प्रफुलने भिंतीवर लावली आहे, चित्रांसकट.

जी भिंतीवर नाही ती अशी.

आदेश नागपूरला इंजिनिअरिंगला होता. होस्टेलमधल्या एका मित्राच्या काकाने परदेशातून स्पेक्ट्रम आणला होता आणि तो मित्र त्याला कंटाळला होता. सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात आदेश तो घेऊन चिमूरजवळच्या गावी घरी आला. दोन दिवस गावाने ओसरीवर गर्दी केली. टीव्हीवर आदेशचं नाव रंगीबेरंगी यायला पाहिजे होतं, पण टीव्ही काळापांढरा होता. तिसऱ्या दिवशी आदेश क्रिकेटच्या सामन्यांसाठी चिमूरला गेला तो महिनाभर तिकडेच होता.

रंजीता अकरावीची परीक्षा देऊन बसली होती. कॉम्प्युटरसोबतचं इंग्रजी पुस्तक आणि शाळेतली डिक्शनरी घेऊन ती टीव्हीपुढे बसली. वीज गेली की लिहिलेलं सगळं पुसलं जायचं, आणि वीज तर रोज जायची. म्हणून ती दर थोड्या वेळाने कॅसेटवर उतरवायची. मराठी अक्षरं त्यात नव्हतीच. ती तिने चौकोनाचौकोनात काळं-पांढरं भरून स्वतः घडवली. 'घ' तिला चार वेळा घडवावा लागला.

"त्या डब्ब्यापुढे बसून डोये जातीन वं," आई म्हणायची. आईला एवढीच काळजी होती. पोरगी टीव्हीपुढे बसून काय करते आहे हे तिने विचारलं नाही, आणि रंजीतानेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नाव घ्यावं लागलं असतं, आणि घरात ते नाव महिनाभर कुणी घेत नव्हतं.

९०

सोमारी शेजारच्या मडावींची पोरगी. रंजीताच्या बरोबरीची. शाळा चौथीत सुटलेली. मोहाच्या दिवसांत दोघी जोडीने जायच्या, कारण मोह जोडीने वेचायची रीत आहे: एकीने वाकायचं, एकीने उभं राहायचं. मग पाळी बदलायची. वाघाची चाहूल लागली तर वाकलेलीनेही उभं व्हायचं, हात वर करायचे, ओरडायचं. उभ्या माणसाला वाघ सहसा टाळतो. सगळी गोष्ट त्या 'सहसा'वर चालायची.

"एवढी शाळा शिकून का करशीन वं?" सोमारी वाकल्या वाकल्या म्हणायची. "मोह तर वाकूनच वेचा लागते."

"मी वेचनारा कॉम्प्युटर बनवीन."

"का बनवशीन?"

"कॉम्प्युटर."

"त्याले कंबर राह्यते का?"

दोघी एवढ्या हसायच्या की वाघच काय, रानातली पाखरंही उडून जायची.

मग रंजीताचा परीक्षेचा पेपर आला. त्या पहाटे सोमारी एकटी गेली.

१००

'वाघ' असा होता: पडद्यावर झाड, झाडाखाली एक बाई, टोकाला वाघ. एक कळ दाबली की बाई वाकायची, फूल टोपलीत पडायचं, आणि वाघ एक पाऊल पुढे यायचा. दुसरी कळ दाबली की बाई उभी राहायची. वाघ थांबायचा. उभीच राहिली तर मागे सरायचा. पण नुसतंच उभं राहून चालायचं नाही, सूर्य वर चढायचा आणि फुलं सुकायची. वाकायचं, उभं राहायचं, वाकायचं, उभं राहायचं. जोडीदारीण नसली की एकटीला दोन्ही करावं लागतं, तसं. टोपली भरली की बाई पायवाटेने चालत जायची, दार उघडायचं, आणि पडदाभर अक्षरं यायची:

सोमारी घरी आली.

रंजीताने ते पहिल्यांदा पडद्यावर आणलं तेव्हा आई गोठ्यात होती. तिने तो खेळ पुन्हा चालवला. पुन्हा चालवला. त्या उन्हाळ्यात सोमारी रोज घरी येत होती, वीज असेल तोवर.

११०

आदेश परतला, खेळ पाहिला, म्हणाला, "रंजी, मराठी अक्षरं! हे नागपूरला दाखवतो." दाखवलं. बक्षीस मिळालं. कप घरी आला, त्यावर आदेशचं नाव कोरलेलं. बाबांनी तो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवला. बारावीनंतर रंजीताने इंजिनिअरिंगचं नाव काढलं तेव्हा बाबांनी त्या कपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "एका घराले एक इंजिनिअर पुरते." बाबा मास्तर होते, पोरींनी शिकावं असं सभेत बोलायचे. चांगलं बोलायचे.

मूळ कॅसेट आदेशजवळ होती. त्याच्या लग्नात बँड आला नाही तेव्हा कुणीतरी घाईघाईत तिच्यावर वरातीची गाणी भरली. सोमारी तिथे पुसली गेली. रंजीता त्या गाण्यांवर नाचली होती. तिला नंतर कळलं.

१२०

पण एक नक्कल उरली होती, ती भुतामुळे.

सत्याऐंशीच्याच हिवाळ्यात गावात मंडई भरली. मंडई म्हणजे पाहुणे, कोंबडा आणि रात्रभर नाटक. वडशाहून आलेल्या नाटक कंपनीचे मालक भैयाजी रंजीताच्या घरच्या ओसरीवर उतरले होते. सकाळी रंजीता आदेशने सुट्टीत सोबत आणलेल्या कॉम्प्युटरवर कॅसेट लावून खेळ चढवत होती. भैयाजी दात घासता घासता थांबले.

"का वं पोरी, टेपात मांजर कापून राह्यली का?"

"खेळ हाय भैयाजी."

"खेळ नाई, हे भूत हाय! पोचू, ए पोचू, इथी ये! आयक. आमचं भूत दोन वर्षांपासून मुकं हाय वं, नुसता पांढरा कपडा घालून उतरते. लोक हासतेत. दे मले हे."

पोचू कंपनीचा आवाजवाला. त्याने आपल्या टेपवर नक्कल उतरवून घेतली, पण कारागिराच्या हिशेबाने. भूत झाडावरून उतरून मधोमध येईपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढीच किंचाळी. त्याच्यापुढे ढोलकीची थाप, कारण भूत आल्यावर त्याला बोलायचं होतं. पुढची किंचाळी कशाला घ्यायची? भुताला एवढी पुरे होती.

त्या भुताने झाडीपट्टी गाजवली. चामोर्शीत, आरमोरीत, सिंदेवाहीत लोक नाटकाचं नाव विसरले, भूत विसरले नाहीत. सासरी आल्यावर रंजीताने ते नाटक एकदा पाहिलं. भूत उतरायला लागलं, बाया किंचाळल्या, आणि ती एकटी शांत बसून होती. तिला त्या आवाजात झाड ऐकू येत होतं, वाघ, टोपली. शेजारची बाई म्हणाली, "तुले भेव नाई वाटत का वं?"

भैयाजी वारले, पोचू वारला. मागच्या वर्षी प्रफुलने कुठूनतरी त्या नाटकाचं जुनं रेकॉर्डिंग ऐकलं आणि ताडकन उठून बसला. बाकी सगळ्यांना भूत ऐकू आलं, त्याला स्पेक्ट्रम ऐकू आला. वडशाला जाऊन त्याने पोचूच्या घरून टेप मिळवली, आवाज धुऊनपुसून त्यातल्या जेवढ्या ओळी निघाल्या तेवढ्या एकापुढे एक जोडून खेळ उभा केला. मग हा कुणाचा, म्हणून विचारत गेला. गावाने सांगितलं: खोब्रागडे मास्तरांच्या पोराचा. गावाने कप पाहिला होता.

१२५

आदल्या संध्याकाळी तिने आदेशला फोन केला होता.

"दादा, वाघ जवळ आला का उभं राह्याचं. नाईतर जिंकता येत नाई."

"हो गं, हो. माहीत आहे मला."

"दोन कळा हायेत. दुसरी—"

"रंजी, मी भाषण लिहितोय."

१३०

खोली भरली होती. आदेशच्या गळ्यात हार होता. नागपुरात मोठ्या पदावरून तो नुकताच निवृत्त झाला होता, आणि निवृत्त माणसाला हार जरा जास्तच शोभतो. त्याने छान भाषण केलं. खेड्यातली वीज, डिक्शनरी, एकेक अक्षर चौकोनात भरणं. सगळं खरं होतं, फक्त कर्ता बदलला होता. मध्ये म्हणाला, "माझी धाकटी बहीण आज इथे आहे. टायपिंगला मला तिची फार मदत व्हायची." लोकांनी वळून पाहिलं. रंजीताने पदर सावरला. हेमराजने तिच्या कोपराला कोपर लावलं.

मग तो खेळायला बसला. मोठ्या पडद्यावर झाड आलं, बाई आली. वर तिचीच घडवलेली अक्षरं: वाघ.

आदेशने कळ दाबली. बाई वाकली. वाघ पुढे आला. पुन्हा वाकली. पुन्हा. वाघाने उडी घेतली. लोक हसले.

दुसऱ्यांदा तो भराभर दाबत सुटला. वाघाने आणखी भराभर खाल्लं. तिसऱ्यांदा कुणीतरी मागून म्हणालं, "सर, वाघाले जेवू तर द्या!" हशा झाला. आदेशही हसला. दुसऱ्या कळेवर त्याचं बोट एकदाही गेलं नाही. रंजीताला उठून ओरडावंसं वाटलं, रानात ओरडतात तसं, हात वर करून: उभी राह्य! ती बसून राहिली.

पुढच्या रांगेतली खुशबू नावाची विद्यार्थिनी उठली. "सर, जिंकल्यावर काय होते?"

आदेशने चष्मा काढला, पुसला. तेवढा वेळ त्याला पुरला.

"जिंकताच येत नाही," तो म्हणाला. "निसर्गापुढे माणूस जिंकत नाही. जिंकताच येत नाही, हेच तर या खेळाचं सांगणं आहे!"

टाळ्या. बराच वेळ.

१४०

सगळे पाटवडीच्या रश्श्याकडे गेले तेव्हा रंजीता कॉम्प्युटरपुढे बसली. रबरी कळा तशाच होत्या, फक्त तिची बोटं जाड झाली होती.

वाकली. वाकली. वाघ आला. उभी राहिली. वाघ थांबला. एकेक पाऊल मागे सरला. वाकली.

"मारून राह्यली का वाघाले?" हेमराज ताट घेऊन मागे उभा राहिला.

"मारा नाई लागत."

टोपली भरत चालली. सूर्य वर आला होता, पण बेत जमत होता. शेवटचं फूल पडलं. बाई आपोआप वळली आणि पायवाटेने चालायला लागली. हेमराजने घास हातातच धरला. पायवाट संपली. दार उघडायची वेळ झाली.

पडदा पांढरा झाला. खाली, डाव्या कोपऱ्यात, बारीक इंग्रजी अक्षरांत आलं: झिरो ओके.

"हे का?" हेमराज म्हणाला.

प्रफुल धावत आला. "ताई, जिंकलात तुम्ही? कसं काय?" मग त्याने पडद्याकडे पाहिलं. "अरेरे. म्हणजे जिंकल्यावरचा भाग टेपमध्ये आलाच नाही. शेवटच्या ओळी तिथे होत्या, ढोलकीच्या जागी. कॉम्प्युटर त्या ओळींकडे गेला, तिथे काहीच नाही, म्हणून थांबला. त्याच्या भाषेत याचा अर्थ, काम संपलं, काही चुकलं नाही."

"काई चुकलं नाई," रंजीता म्हणाली.

"मी ओळी वाचणारच होतो, पण उद्घाटनाच्या धावपळीत... तिथे काय होतं ते कळलं तर आता घालता येईल. तुम्हाला आठवतं?"

"एकच ओळ होती. मीच लिहिली होती."

प्रफुल भला पोरगा होता. तो लगेच म्हणाला, "घालू ना मग! फक्त सरांना विचारून घेतो. खेळ त्यांचा आहे ना."

१५०

आदेश पाहुण्यांच्या घोळक्यात ताट घेऊन उभा होता. हार काढून खुर्चीवर ठेवलेला.

"सर, ताई म्हणतात शेवटी एक ओळ होती."

"असेल. 'शाब्बास' वगैरे असेल काहीतरी."

"दादा," रंजीता म्हणाली, "शेवटी नाव होतं."

आदेशने तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं ती आता पाहुण्यांसमोर तिचं स्वतःचं नाव घेणार. त्याचा चेहरा एकदम कडक झाला. "रंजी, ते आपण घरी बोलू."

"माह्यं नाई. सोमारीचं होतं."

चेहरा सैल झाला. सुटल्यासारखा. त्याने पाटवडीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, खरोखर आठवून पाहिलं. त्याचं आठवणं खोटं असतं तर बरं झालं असतं.

"कोण सोमारी?" तो म्हणाला.

प्रफुलने विचारलं, "मग सर, घालू का?"

"नको. आहे तसंच राहू दे. अपुरं आहे म्हणूनच तर ऐतिहासिक आहे." पाहुण्यांपैकी एकाने मान डोलावली.

१६०

परतताना मूल गाव मागे पडलं तेव्हा हेमराजने विषय काढला.

"सांगून द्याचं होतं ना वं. सगळ्याइच्यासमोर. काऊन नाई बोलली?"

रंजीता खिडकीतून बाहेर पाहत होती. ऊन चढलं होतं. मोहाच्या झाडांखाली कुणी नव्हतं, वाकलेलं नाही आणि उभंही नाही. खाली राहिलेली फुलं उन्हात सुकून काळी पडत होती.

"सोमारी म्हंजे मडावीची ना?" हेमराजने विचारलं. लग्नानंतर एकदाच तिने त्याला सांगितलं होतं.

"हो."

"मले आठवते, पाह्य," तो म्हणाला, आणि त्याने गाडीचा वेग उगीचच वाढवला.

१५

सोमारी सापडली तेव्हा तिची टोपली भरलेली होती, आणि सरळ ठेवलेली होती.